आधी गुरुजी, मग टीव्ही!

दिवाळीच्या अंकात कडू लिहू नये असा संकेत आहे आणि तो मला मान्य आहे. चकली-करंजीच्या ताटात कारल्याची भाजी कोणी वाढीत नाही. परंतु माझा नाइलाज आहे. दिवाळी हा जसा फराळाचा, तसाच आम्हा चाकरमान्यांच्या मंडळांचा देणग्या गोळा करण्याचाही हंगाम. बोनस हाती आलेला असतो, मन उदार झालेले असते, आणि 'गावच्या शाळेसाठी काही तरी करू या' असे कोणी म्हटले की हात आपोआप खिशात जातो. तो हात बाहेर येण्यापूर्वी मला थोडे बोलायचे आहे. कारण २०१८ साली असे पुष्कळ हात खिशात घालायला लावण्याचे पुण्यकर्म मी स्वतः केलेले आहे.

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. नाव सांगत नाही. सांगितले तर गुरुजींना त्रास व्हायचा, आणि त्यांचा यात काडीचाही दोष नाही. जिल्हा परिषदेची चिरेबंदी शाळा, दोन खोल्या, पुढे पडवी. पहिली ते पाचवी मिळून तेवीस मुले. मी त्या वेळी बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि रिकामा वेळ खायला उठला म्हणून आमच्या मुंबई मंडळाचा चिटणीस झालो होतो. 'डिजिटल शाळा' हा शब्द तेव्हा सगळीकडे दुमदुमत होता. शेजारच्या गावाच्या मंडळाने आपल्या शाळेला टीव्ही दिला होता. मग आमच्या गावाची मान खाली! सहा महिने मी वर्गणीसाठी दारोदार फिरलो. लालबागेपासून नालासोपाऱ्यापर्यंत एक बिऱ्हाड सोडले नाही. भिंतीवरचा मोठा टीव्ही, त्यात पहिलीपासूनचे सगळे धडे भरलेले, वीज गेली तर तासभर चालेल अशी बॅटरी, आणि पडवीत संगमरवरी पाटी. पाटीवर देणगीदारांची नावे, रकमेच्या उतरत्या क्रमाने.

१ मे रोजी, झेंडावंदन आणि निकाल झाल्यावर उद्घाटन झाले. मीही भाषण केले. 'आजपासून आमच्या वाडीतल्या मुलात नि दादरच्या मुलात फरक उरला नाही,' असे एक वाक्य मी त्यात टाकले होते आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. ते वाक्य आठवले की मला आता अंगावर झुरळ पडल्यासारखे होते.

पुढल्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा पडवीत वाडीतली मुले खेळत होती. एकाला जवळ बोलावले. चौथी पास होऊन पाचवीत गेलेला, तरतरीत, डोळे बोलके. टीव्हीवर काय काय शिकलास, विचारले मात्र; त्याने हातवारे करून तीन कविता म्हणून दाखवल्या, आणि चालही कशी, तर अगदी टीव्हीतल्या बाईसारखी. मला गहिवरून आले. म्हटले, पैसे सार्थकी लागले! त्या भरात मी त्याला पाटीपाशी नेले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हटले, 'हे वाच बघू.' ते त्याच्याच आजोबांचे नाव होते. गोदीत चाळीस वर्षे राबलेल्या माणसाने पेन्शनीतून पाच हजार दिले होते. पोराने नावाकडे बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. आणि काही चुकले आहे असे मुळीच न वाटता म्हणाला, 'ह्या टीव्हीत नाय.'

कोणी म्हणेल, एका पोरावरून काय सिद्ध होते? काहीच नाही. म्हणून पोराचे सोडा आणि देशाकडे पाहा. 'प्रथम' ही संस्था खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावते आणि त्याचा 'असर' नावाचा अहवाल काढते. २०२४ सालच्या अहवालात सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले शेकडा ४४.८ निघाली, म्हणजे निम्म्याहून अधिक मुले प्राथमिक शाळेच्या उंबरठ्याबाहेर पाय टाकताना दुसरीच्या पुस्तकापाशी अडखळत आहेत. आता त्याच संस्थेचे दुसरे आकडे घ्या. घरात स्मार्टफोन असलेली मुले २०१८ साली शेकडा ३६.५ होती, ती २०२२ साली ७४.८ झाली. चार वर्षांत दुप्पट! आणि सरकारी शाळांतल्या पाचवीच्या वाचनाचे काय झाले? २०१८ साली ४४.२ होते, ते २०२२ साली ३८.५ वर आले. मधे करोना होता हे मला ठाऊक आहे, आणि ती घसरण मी यंत्राच्या माथी मारीत नाही. आमच्या राज्यात तर खेड्यांतल्या पहिली ते चौथीच्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या १ डिसेंबर २०२१ रोजी उघडल्या. परंतु याच काळात 'शाळा बंद, शिक्षण चालू' असे आपण मोठ्या तोऱ्याने म्हणत होतो ना? शिक्षण ज्या यंत्रावर चालू होते ते यंत्र घरोघर पोहोचले आणि वाचन मात्र घरोघर ओसरले, एवढेच मला दाखवायचे आहे. वाचन पुन्हा २०१८ च्या पायरीला आले ते शाळा उघडल्यावर, वर्गात माणसे परत आल्यावर.

आता आमच्या शाळेत नेमके काय घडले ते सांगतो, कारण अशाच तऱ्हेने ते इतर ठिकाणीही घडते. टीव्ही आला तेव्हा शाळेत दोन शिक्षक होते. वर्षाच्या आत एकाची बदली झाली आणि त्या जागेवर कोणी आले नाही. उरलेल्या गुरुजींच्या पदरी पाच इयत्ता, पोषण आहाराचे तांदूळ-डाळ आणि त्यांचे हिशेब, कार्यालयाने मागितलेली माहिती, मोबाइलवर भरायचे तक्ते, आणि निवडणूक आली की मतदारयाद्या. असा माणूस काय करील? तीन इयत्ता टीव्हीपुढे बसवील आणि दोन इयत्ता स्वतः घेईल. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते. थोडक्यात, आम्ही दिलेला टीव्ही हा बदलून गेलेल्या गुरुजींच्या जागी रुजू झाला. फरक इतकाच की गेलेले गुरुजी 'समजले का रे?' म्हणून विचारीत. टीव्ही विचारीत नाही. त्याचा धडा ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि ठरलेल्या वेळी संपतो, समोर कोणी झोपले असो वा जागे असो. मुलांना चाल पाठ होते, चित्रे पाठ होतात, आणि मुले शांत बसतात. शांत बसलेले मूल शिकत असते असा आपल्या समाजाचा जुना समज आहे.

एकशिक्षकी शाळा ही काही आमच्या वाडीचीच कथा नाही. केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या मोजणीप्रमाणे देशात १,०४,१२५ शाळा एका शिक्षकावर चालल्या आहेत आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले आहेत. फुले-शाहू-कर्मवीरांच्या महाराष्ट्रात अशा शाळा आठ हजारांहून जास्त! त्याच मोजणीत, किती शाळांत संगणक आहे याचाही आकडा आहे: शेकडा ६४.७, आणि तो दर वर्षी वाढतो म्हणून आनंद व्यक्त केला जातो. मी त्या आनंदात सामील व्हायला तयार आहे. पण ज्या शाळेत एक गुरुजी नि एक संगणक आहे, ती शाळा आपण कोणत्या रकान्यात धरायची?

'तुम्ही जुन्या वळणाचे लोक, यंत्राला भिता,' असे माझा मुलगा मला म्हणतो. तो पुण्यात संगणकाच्याच धंद्यात आहे. मी यंत्राला भीत नाही. बँकेत आमच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा संघटनेचा विरोध असूनही तो शिकायला पहिला बसलेला कारकून मीच होतो. यंत्राने काहीच होत नाही असेही मी म्हणणार नाही, कारण ते खोटे आहे. बडोद्याच्या महापालिका शाळांतून २००२ नंतर एक प्रयोग झाला. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका यंत्रापाशी दोघे. मुलांचे गणित चांगलेच सुधारले. हा प्रयोग ज्यांनी तपासला त्यांतली दोन माणसे म्हणजे अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो, ज्यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा यंत्राचे यश मी कोण नाकारणार?

परंतु त्याच लोकांनी, त्याच वर्षांत, त्याच बडोद्यात आणि आपल्या मुंबईत दुसराही एक प्रयोग तपासला होता. त्याचे नाव निघत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नव्हते. त्या प्रयोगाचे नाव 'बालसखी'. वस्तीतली एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी घ्यायची, तिला थोडे शिकवून तयार करायचे, आणि वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास तिच्याजवळ बसवायची. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. माझी पत्नी त्या काळी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या शाळेत अशी एक मुलगी येत असे. तिचे वर्णन मी पत्नीच्याच शब्दांत देतो: 'ती पोरगी आमच्यापेक्षा जास्त शिकलेली नव्हती, पण तिच्यापुढे वीस होती आणि माझ्यापुढे साठ. तिला प्रत्येकाचे काय अडले ते माहीत असे. मला प्रत्येकाचे नाव माहीत असे, एवढेच.' दुसऱ्या वर्षाअखेर मागे पडलेली ही मुले स्पष्टपणे पुढे सरकलेली दिसली. गणितापुरते पाहिले तर संगणकाचा लाभ बालसखीपेक्षा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. शिवाय प्रयोग थांबून वर्ष गेले तेव्हा दोहोंचाही लाभ बराच ओसरला होता, हेही लपवीत नाही. मुलाला एकदा शिकवून सोडून देता येत नाही, हे काही आपल्याला कोणी परदेशातून येऊन सांगायला नको. पण खर्च पाहा. संगणकाला दर मुलामागे वर्षाला सुमारे पंधरा डॉलर, आणि बालसखीला सव्वादोन! एकाच्या खर्चात सहा. मी आयुष्यभर खतावण्या जुळवल्या आहेत. हा हिशेब मला तरी कळतो.

आणखी एक प्रयोग गुजरातेतच, अहमदाबादेकडे झाला आणि त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तेच यंत्र, तेच धडे, दोन तऱ्हांनी दिले. काही शाळांत शिक्षिकेच्या शिकवण्याच्या वेळेत, म्हणजे तिच्या जागी. आणि काही शाळांत शाळा सुटल्यावर, तिच्या शिकवण्यावर भर म्हणून. जिथे शाळेनंतर दिले तिथे मुलांचा, विशेषतः कच्च्या मुलांचा, फायदा झाला. जिथे शिक्षिकेच्या जागी दिले तिथे मुले यंत्र नसलेल्या मुलांपेक्षाही मागे पडली. पुन्हा वाचा: यंत्र नसलेल्या मुलांपेक्षाही मागे! आमच्या वाडीत आम्ही टाळ्यांच्या गजरात नेमके हेच करून ठेवले होते.

इथे कोणाला वाटेल की ही चूक आम्हा गावठी मंडळवाल्यांचीच. तसे नव्हे, यात आम्हाला थोर सोबत आहे. एडिसनसारख्या माणसाने १९१३ साली भाकीत केले होते की चलच्चित्रांमुळे शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील. १९७५-७६ साली आपल्याकडे उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवले, सकाळी शाळकरी मुलांसाठी खास कार्यक्रम दाखवले. उपग्रह वर्षाने परत गेला. १९८७ साली 'खडू-फळा मोहीम' निघाली. तिच्यातून आलेल्या साहित्याच्या पेट्या कित्येक शाळांत कपाटात कुलूपबंद राहिल्या, कारण मोडतोड झाली तर भरपाई मुख्याध्यापकाच्या पगारातून! पत्नीच्या शाळेत तसले एक कपाट होते. त्याच्या किल्ल्या एका मुख्याध्यापिकेकडून दुसरीकडे रीतसर सही घेऊन जात आणि कपाट मात्र उघडत नसे.

आणि २००५ साली नेग्रोपोंटे नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. प्रत्येक मुलाला एक! आपल्या केंद्रीय शिक्षणखात्याने २००६ साली त्याला नकार दिला. सरकारला शहाणपण सुचल्याची उदाहरणे थोडी असतात, त्यांतले हे एक. तरीही पुढल्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथल्या धनगरवाड्याच्या चिमुकल्या शाळेत तो लॅपटॉप प्रयोगादाखल आला, आणि मुलांच्या हातांतल्या त्या हिरव्या-पांढऱ्या डब्यांचे फोटो जगभर गेले. लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर घेतला तो पेरू देशाने. तिथल्या तीनशेहून अधिक खेडवळ प्राथमिक शाळांत पंधरा महिन्यांनी परीक्षा घेतली, तेव्हा दर मुलामागे एक लॅपटॉप पोहोचलेला होता आणि गणित व भाषा होती तिथेच होती. मुले लॅपटॉप चालवायला मात्र झकास शिकली होती. यात नवल नाही. दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत सुगत मित्रांनी १९९९ साली संगणक बसवला, पुढे आमच्या सिंधुदुर्गातही तसली ठाणी उभी केली, तेव्हाही हेच दिसले होते: पोरांना यंत्र चालवायला कोणी शिकवावे लागत नाही. पण यंत्र चालवता येणे म्हणजे भागाकार येणे नव्हे.

आता माझ्या लेखातल्या सगळ्यांत अवघड जागेपाशी येतो. गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी हे सारे बोललो, तेव्हा एक तरुण सभासद उठला. तो आमच्याच वाडीतला, बारावीनंतर मुंबईला येऊन घरोघर पार्सले पोहोचवण्याचे काम करणारा. म्हणाला, 'काका, तुमच्या नातवाच्या हातात टॅब आहे. आमच्या पोरांनी मात्र मण्यांवर नि चिंचोक्यांवर शिकायचे. गरिबाला जुने ते चांगले, आणि तुम्हाला नवे, असेच ना?'

सभेत शांतता पसरली. मलाही चटकन उत्तर सुचले नाही, कारण त्याचा राग खोटा नव्हता. या देशात गरिबाच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले आले आहे. तेव्हा 'तुला याची गरज नाही' असे भरल्या पोटी सांगणाऱ्याचा त्याने संशय घ्यावा हेच योग्य. परंतु घरी आल्यावर मी नातवाकडे नीट पाहिले. त्याच्या हातात टॅब आहे हे खरे. पण तो वाचायला कशाने शिकला? त्याच्या आजीच्या मांडीवर. रोज रात्री तीच ती गोष्ट, बोट ओळीखालून फिरते आहे, मधेच चुकीचे वाचले की तो 'अहं!' म्हणून थांबवतो आहे. शाळेतून आला की आई वही उघडून बसते. गणित अडले तर बाप. बापालाही अडले तर महिना दोन हजारांची शिकवणी. एका पोरामागे चार माणसे! टॅब हा त्या चौघांच्या डोक्यावरचा तुरा आहे. आपण वाडीतल्या पोराला तुरा पाठवतो, आणि म्हणतो समता झाली. त्या तरुणाला मी नंतर भेटून हेच सांगितले. हातातला टॅब दिसतो, म्हणून मागावासा वाटतो. मांडी दिसत नाही. त्याला ते पटले असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला, 'मग माणूस द्या ना. कोण देतो?' या प्रश्नावर मात्र आमचे एकमत झाले.

'पण परितेवाडीचे काय?' असे विचारणारे भेटतात. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडबद्दल. मराठी माणसाची छाती फुगावी अशीच ती गोष्ट. पण नीट पाहा: पुरस्काराचे नाव काय? शिक्षक पुरस्कार. ते २००९ साली तिथे आले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली, एका बाजूला गोठा. त्या माणसाने आधी आपल्या मुलांना कुठे अडते ते पाहिले आणि मग त्यावर कोड चिकटवला. आपण त्यांच्यातला कोड उचलला आणि माणूस तिथेच ठेवला. आता प्रत्येक पुस्तकात कोड आहे.

साधन आधी की मूल आधी, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही, आणि त्याचा निकाल आपल्याकडे कधीच लागलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. ताराबाई काही यंत्रद्वेष्ट्या नव्हत्या. माँटेसोरीबाईंची साधने त्या काळात विलायती आणि महाग असत, ती त्यांनी भावनगरला असताना हाताळली होती. परंतु वारल्यांच्या पाड्यात आल्यावर त्यांनी काय केले? शंख-शिंपले, बिया, पाने, माती, खडे यांतून साधने घडवली. केवळ स्वस्त म्हणून नव्हे. ते मूल शिंपला ओळखत होते, म्हणून शिंपल्यापासून मोजायला लागायचे. गुरे राखणारी पोरे शाळेत येईनात, तर बाई कुरणात गेल्या आणि तिथे 'कुरणशाळा' भरवली. विचार करा, आज त्या कुरणात आपण काय पाठवले असते? सौरऊर्जेवर चालणारा टॅब! आणि गुरांमागे हिंडणाऱ्या त्या पोराचा टॅब हाती घेतलेला फोटो काढून वर चढवला असता.

फोटोवरून आठवले. २०१६ साली आपल्या राज्यात शिक्षकांनी दर सोमवारी मुलांबरोबर सेल्फी काढून पाठवावी असे फर्मान निघाले होते. शिक्षकांनी ओरड केली तेव्हा ते मागे पडले. फर्मान मागे पडले तरी वृत्ती मागे पडलेली नाही. कार्यक्रम झाला, फोटो पाठवा. झाड लावले, फोटो पाठवा. डिजिटल वर्ग चालू आहे, फोटो पाठवा. मूल वाचू लागले, याचा फोटो कसा काढायचा? म्हणून त्याची कोणी मागणी करीत नाही. आणि दात्यांचेही तेच. मंडळाच्या अहवालात टीव्हीचे छायाचित्र येते. रोज दोन तास पडवीत पोरांजवळ बसलेल्या बाईचे छायाचित्र कोण छापतो? संगमरवरी पाटीवर तिचे काय कोरायचे?

यंत्राला पुढे चाकरी आहे, हेही सांगून टाकतो. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांतून एक प्रयोग झाला. त्यातले संगणक मूल कोणत्या इयत्तेत बसते हे न पाहता त्याला प्रत्यक्ष किती येते ते आधी तपासत आणि तिथून सुरुवात करीत. सातवीतल्या मुलाला चौथीचे गणित अडत असेल तर चौथीचे. साडेचार महिन्यांत मुलांचे गणितही सुधारले आणि हिंदीही. २०१९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. का सुधारले? कारण ते यंत्र 'समजले का रे?' असे विचारीत होते. आमचा टीव्ही सांगतो, विचारीत नाही. यंत्र घ्यायचेच तर विचारणारे घ्या, आणि गुरुजी भरले गेल्यावर घ्या. एवढे माझे म्हणणे आहे. ते आडमुठे असेल तर असो.

आमच्या शाळेतला टीव्ही अजून आहे. मधे वीजबिल थकून जोडणी तुटली होती, ती मंडळाने पैसे भरून जोडून घेतली. आता त्याच्यावर एक भरतकाम केलेले कापड असते. तो पाटी न वाचणारा मुलगा त्या मे महिन्यात रोज सकाळी आमच्या खळ्यात माझ्या पत्नीजवळ बसे. तीन आठवड्यांत तो जोडाक्षरांपर्यंत आला होता. मग आम्ही मुंबईला परतलो. पुढल्या मार्चात शाळा बंद झाली, आणि पाचवीची परीक्षा न देताच तो प्राथमिक शाळेतून बाहेर पडला. आता सोळा-सतरा वर्षांचा आहे. गणपतीत भेटला. माझ्या मोबाइलमध्ये काही तरी अडकले होते, ते त्याने दोन मिनिटांत सोडवून दिले. पडवीतली पाटी तिथेच होती. त्याला पुन्हा वाचायला सांगण्याचे मला धाडस झाले नाही.

मंडळापुढे या वर्षी तेवीस टॅब घेण्याचा प्रस्ताव आला आहे. मुले आता तेवीस नाहीत, सोळा आहेत. पण प्रस्ताव जुन्या कागदावरून उतरवला असावा. त्याला माझी उपसूचना अशी आहे: आमच्याच वाडीत डी. एड. होऊन घरी बसलेली एक सून आहे. शाळा व्यवस्थापन समितीची आणि गुरुजींची संमती घेऊन तिला मंडळाने महिना मानधन द्यावे. तिने रोज दोन तास, मागे पडलेल्या मुलांना घेऊन पडवीत बसावे. आणि हे एका वर्षापुरते नव्हे, निदान पाच वर्षे चालावे. दर तीन महिन्यांनी आपल्यापैकी कोणी तरी गावी जाऊन मुलांकडून एक पान वाचून घ्यावे. टॅबच्या रकमेत किती वर्षे निघतात त्याचा तक्ता मी जोडला आहे. बैठक भाऊबिजेनंतरच्या रविवारी आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे; अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे, आणि त्या पार्सलवाल्या तरुणाला मी काल फोन केला होता. त्याने 'बघतो' म्हटले आहे.